खळ्यावरचा करार: बलुत्याच्या अटी कोण ठरवीत असे?

१.
मृगाचा पाऊस पडून गेला आहे. जमिनीला वापसा आला आहे आणि ऐन पेरणीच्या सकाळी कुणब्याच्या पाभरीचा फण मोडतो. त्याच्या गाठीला पैसा नाही. कणगीतले धान्यही सरत आलेले. तरीही गावचा सुतार हातातले काम बाजूला ठेवून पाभर दुरुस्त करून देतो. तो किंमत सांगत नाही, कुणबी घासाघीस करीत नाही. त्या कामाचा मोबदला फार पूर्वीच ठरलेला आहे आणि तो सुगीत, खळ्यावर मिळायचा आहे.

सततच्या कामासाठी केलेला हा महाराष्ट्रातील एक जुना आणि व्यापक करार. त्याच्या अटी कोणत्या होत्या, त्या कोणी ठरविल्या आणि त्या मोडण्याची मुभा कोणाला होती, हे या धाग्यात पाहू.

२.
प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. गावाला वर्षभर लागणारी कामे वंशपरंपरेने करणारे ते बलुतेदार आणि त्यांना पिकातून मिळणारा वाटा म्हणजे बलुते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी, मुलाणा, सोनार, कोळी अशी नावे आपल्याला भेटतात. संख्या बारा म्हणून रूढ झाली. प्रत्यक्ष यादी मात्र प्रांतागणिक बदलते. सगळ्या गावांत सगळे बारा असत असेही नाही.

तेली, तांबोळी, शिंपी, साळी, माळी, गोंधळी इत्यादींना अलुतेदार म्हणत. त्यांची गरज प्रसंगोपात्त, म्हणून त्यांचा हक्कही सैल. जुन्या भाषेत हेच कारू आणि नारू.

३.
कोणत्याही करारात पहिला प्रश्न असतो तो पक्षकारांचा. सुतार नेमका कोणाचा सेवक? ज्याची पाभर मोडली त्या कुणब्याचा, की गावाचा?

उत्तर भारतातील जजमानी पद्धतीचे वर्णन विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये केले. तेथे विशिष्ट कारागीर कुटुंब विशिष्ट यजमान कुटुंबाशी बांधलेले दिसते. मराठी मुलुखाचे चित्र वेगळे आहे, असे जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मध्ये अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखविले. त्यांच्या मते येथील बलुतेदार हा एखाद्या घराचा नोकर नव्हता. तो सबंध गावाचा सेवक होता. म्हणजे आजच्या भाषेत, ग्राहक एकच: गाव.

४.
या एका गोष्टीचे परिणाम मोठे आहेत. एखाद्या कुणब्याशी सुताराचे बिनसले, तरी त्याचे वतन त्या कुणब्याच्या लहरीने जात नसे. उलट सुतारही ‘तुझे काम करणार नाही’ असे एका घराला सहज म्हणू शकत नसे. दोघांच्या मध्ये गाव उभे होते.

गाव म्हणजे कोण? पाटील, कुलकर्णी आणि मिरासदार कुणबी यांचा शब्द त्यात जड. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे महत्त्व कळेल.

५.
दुसरा प्रश्न कामाच्या व्याप्तीचा. बलुत्यात काय येते आणि काय येत नाही?

येथे रूढी बरीच काटेकोर होती. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती सुताराने बलुत्यात करावयाची; लाकूड मात्र कुणब्याने द्यावयाचे. लोहाराने फाळ शेवटावा, धार लावावी. लोखंड आणि कोळसा कुणब्याचा. नवी गाडी करावयाची असेल किंवा घर बांधावयाचे असेल, तर ते काम बलुत्याबाहेरचे. त्याची मजुरी वेगळी.

शेती चालू ठेवण्यासाठी जे लागते ते ठरल्या वाट्यात, नव्याने घडवावयाचे ते स्वतंत्र बोलीने. देखभालीचे वार्षिक कंत्राट करणारा आजचा तंत्रज्ञही हीच रेघ ओढतो.

६.
तिसरा प्रश्न मोबदल्याचा. बलुते कामागणिक मोजले जात नसे. सुगीत खळ्यावर रास पडली किंवा शेतात पेंढ्या बांधल्या, की प्रत्येक बलुतेदार आपला वाटा घेऊन जाई. शेतीला ज्याची गरज अधिक, त्याचा वाटा मोठा. यासाठी थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी किंवा कासा मानल्या जात. शब्द मोठा बोलका आहे: कुणबी ही दुभती गाय आणि तिच्या कासेला लागलेली ही वासरे. सुतार आणि लोहार थोरल्या ओळीत असत, यात नवल नाही.

याशिवाय काहींना इनाम जमिनीचा तुकडा, सणाचे वाण, लग्नकार्यातील मान आणि मानाबरोबर येणारे नारळ, पागोटे असे हक्क असत.

७.
वाटा पिकातून, म्हणून जोखीमही वाटलेली. पीक उत्तम आले तर सुताराचे घर भरे. दुष्काळ पडला तर कुणब्याबरोबर सुतारही उपाशी. रोख पैसा दुर्मिळ असलेल्या मुलुखात ही सोय दोघांनाही परवडणारी होती. कुणब्याला ऐन हंगामात पैसा उभा करावा लागत नसे आणि कारागिराला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नसे.

दबावाची साधनेही दोघांकडे होती. सुतार पेरणीच्या दिवशी उद्या ये म्हणू शके. कुणबी सुगीच्या दिवशी पेंढी बारीक बांधू शके. दोघांनाही पुढच्या वर्षी एकमेकांचे तोंड पाहावयाचे असल्याने बहुधा कोणीच टोक गाठत नसे.

८.
चौथी गोष्ट मुदतीची, आणि येथेच हा करार आपल्या ओळखीच्या करारापासून दूर जातो. बलुतेदारी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. काम करण्याचा हक्क हीच मालमत्ता. गावात पिढ्यानपिढ्या हक्क असलेला तो मिरासी. बाहेरून आलेला, वतन नसलेला तो उपरी. मिरासी सुतार गाव सोडून गेला तर उपरी सुतार काम चालवी, पण मूळ वतनदार किंवा त्याचा वारस परतला की त्याचा दावा उभा राही.

नोकरीवर कायमचा हक्क, तोही विकता येण्याजोगा. आजचा कोणताही स्वतंत्र व्यावसायिक या अटीचा हेवा करील.

९.
हे सर्व लिहिलेले कोठे होते? बहुतेक वेळा कोठेही नाही. अटी माणसांच्या स्मरणात होत्या. कागद जन्माला येई तो भांडणातून.

एका वतनावर दोघांनी दावा सांगितला, मानपानावरून किंवा मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून महार आणि मांग यांच्यात तंटा लागला, की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावांचे वतनदार आणि बलुतेदार साक्षीला येत. निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना अक्षरओळख नाही ते आपल्या धंद्याच्या अवजाराची निशाणी करीत. पाटलाची नांगराची निशाणी तर अनेक कागदांवर दिसते. साक्षीदारांत बलुतेदारही असत, ही या व्यवस्थेची जमेची बाजू.

१०.
एवढे वाचून एखादा म्हणेल: किती सुंदर व्यवस्था! स्वयंपूर्ण गाव, पैशाविना चाललेला व्यवहार, प्रत्येकाला काम आणि भाकरी. गेल्या शतकात असे गौरवाने पुष्कळ लिहिले गेले.

त्याच काळात त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) लिहून याच व्यवस्थेचा भार कुणब्यावर कसा पडतो, याचा सविस्तर हिशेब मांडला. आणि हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे सेवा देणाऱ्यांतील सर्वांत दुर्बलांची, त्याहूनही कठोर आहे. तिच्याकडे वळू.

११.
सुताराच्या कामाला सीमा होती, कारण लाकूड, अवजार आणि कौशल्य हीच त्याची सीमा. महार वतनदाराच्या कामाला ती नव्हती. वेशीची राखण, चावडीची झाडलोट, सांगावा पोहोचविणे, कोणाच्या मृत्यूची बातमी परगावी नेणे, सरकारी वसूल आणि टपाल वाहणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई, गावच्या शिवेची साक्ष, मेलेली जनावरे ओढणे, लाकडे फोडणे... यादी संपत नाही.

ती संपत नाही हाच तिचा अर्थ. ज्या करारात काम नेमके सांगितलेले नसते, तेथे ‘एवढेच’ म्हणण्याचा अधिकार सांगणाऱ्याकडे राहतो, करणाऱ्याकडे नाही.

१२.
महार समाजाच्या परंपरेत बावन्न हक्कांची आठवण जपलेली आहे. बेदरच्या बादशहाने ते दिले अशी कथा सांगतात. कथेची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली, तरी तिच्यामागची भावना मोलाची आहे. आपल्या सेवेच्या बदल्यात आपल्याला मोजून बावन्न गोष्टी देणे आहे, असे एक समाज पिढ्यानपिढ्या सांगत राहिला. मोबदला मोजला जावा, हा आग्रह त्यात आहे.

पण हक्काचा निवाडा करणाऱ्या गावात वजन ज्यांचे, देणेही त्यांचेच. बलुते अडविले तर दाद मागावयाची ती त्यांच्याच चावडीवर.

१३.
इंग्रजी अमलात काय बदलले? सारा रोखीने आणि थेट रयतेकडून वसूल होऊ लागला, न्यायालये आली, कायदे लिहिले गेले. त्यांतील दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत.

१८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो की कराराच्या मुळाशी दोन्ही पक्षांची मुक्त संमती हवी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला. गावच्या सेवेचे एक मोठे क्षेत्र त्याने संमतीऐवजी जन्माच्या आधारावर चालू ठेवले आणि त्यात महारांची सेवाही आली. शहरात करार, खेड्यात वतन. एकाच सरकारचे हे दोन कायदे होते.

१४.
वतनाची कोंडी ग्राहकालाही जाणवत असे, याचे उत्तम उदाहरण ग्रामजोश्याचे. गावातील धार्मिक विधी करण्याचा हक्क वतनदार जोश्याचा. यजमानाने दुसऱ्या भटजींकडून लग्न लावून घेतले, तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी दावा लावू शके आणि एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी तो हक्क मान्यही केला.

म्हणजे सेवा घेतली नाही तरी मोबदला द्या. सेवा देणारा बदलण्याची मुभा ग्राहकाला नाही.

१५.
या हक्काला आव्हान मिळाले ते जुन्नर तालुक्यातील ओतूर गावात. १८८० च्या दशकात बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक पद्धतीने, पुरोहितावाचून, आपल्या घरची लग्ने लावली. गावच्या जोश्यांनी दक्षिणेसाठी दावा ठोकला. खालच्या न्यायालयात जोशी जिंकले; दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात निकाल फिरला. पुरोहिताची सेवा मुळात घेतलीच नाही, तर मोबदला कशाचा?

मात्र दुसरा पुरोहित बोलाविण्याचे स्वातंत्र्य कायद्याने मिळावयास आणखी बराच काळ जावा लागला. १९२६ मध्ये मुंबई प्रांताने कायदा करून वंशपरंपरागत पुरोहितांचा हा दावा निष्प्रभ केला.

१६.
याच काळात मुंबई शहरात सेवा देणाऱ्यांनीही एक अट घातली. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा ठराव झाला.

या ठरावाकडे सामाजिक सुधारणेचा प्रसंग म्हणून आपण पाहतो, ते योग्यच आहे. पण तो कामाच्या व्याप्तीचाही ठराव आहे. आमच्या धंद्यात एवढे येते, हे येत नाही. आणि ते आम्ही ठरविणार. शहरात, संघटित होऊन, हे म्हणता आले.

१७.
खेड्यातील महार वतनदाराला ते म्हणता येत नव्हते. १८७४ च्या कायद्याखाली त्याची सेवा सरकारला हवी होती, पण तिचे पुरेसे वेतन देण्याची सरकारची तयारी नव्हती. तुटपुंजी वतन जमीन, किरकोळ रोकड आणि उरलेले बलुते रयतेकडून गोळा करावे, असा मामला. घरातील एक माणूस पाळीवर असला, तरी गैरहजेरीत घरातील दुसऱ्याला जुंपले जाई. जमीन भावकीत वाटून वाटून पट्ट्यांएवढी झाली. काम मात्र वाटून कमी झाले नाही.

आणि त्याने सन्मानाने वागण्याचा आग्रह धरला, की रयतेच्या हाती एक सोपे शस्त्र होते: बलुते बंद.

१८.
पर्याय शक्य आहे हे कोल्हापूरने दाखविले. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात बलुतेदारीचे बंधन दूर केले आणि महार वतनाच्या जमिनी रयतावा केल्या. म्हणजे जमीन राहिली, तिच्यावरची सेवेची सक्ती गेली. पाठोपाठ वेठबिगारीलाही बंदी आली.

एका संस्थानिकाच्या हुकमाने जे झाले, ते ब्रिटिश मुलुखात कायद्याने व्हावे, म्हणून दहा वर्षांनी एक विधेयक आले.

१९.
मार्च १९२८. मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वर्षापूर्वीच महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा विचार पुढे आला होता. आता तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत उभा राहिला.

हे विधेयक जातिनिर्मूलनाच्या लढ्यातील पाऊल म्हणून वाचले जाते. एकदा ते कराराचा मसुदा म्हणूनही वाचून पाहा. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्हींचा अभ्यास केलेल्या माणसाने, ज्या लोकांना अटी ठरविण्याची संधी कधीच मिळाली नव्हती त्यांच्या वतीने, अटी लिहून समोर ठेवल्या आहेत.

२०.
पहिली अट: काम ठरवा. महार कोणाचा नोकर आणि त्याची कर्तव्ये कोणती, हे नियमांनी निश्चित व्हावे. सरकारच्या प्रत्येक खात्याने त्याला राबवावे आणि वेतनाची जबाबदारी एकानेही घेऊ नये, हे चालणार नाही.

दुसरी अट: मोबदला खात्रीचा करा. बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करून ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी. म्हणजे खळ्यावर हात पसरण्याची आणि नकार ऐकण्याची पाळी संपेल.

तिसरी अट: सुटका द्या. ज्या वतनदाराला सेवा नको असेल, त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि सेवेतून मोकळे व्हावे. जमीन त्याच्याकडेच राहावी.

२१.
तिन्ही अटींत तिसरी सर्वांत मूलगामी होती, कारण तिने पहिल्या दोन्हींना बळ येते. जो सोडून जाऊ शकतो, त्याच्याशीच वाटाघाट करावी लागते. ज्याला जाता येत नाही, त्याला काय द्यावयाचे हे देणारा एकटाच ठरवितो.

म्हणूनच विरोधही झाला. एवढ्या स्वस्तात मिळणारी सेवा पूर्ण वेतनावर घ्यावी लागली, तर तिजोरीवर भार पडणार होता. विधेयक प्रवर समितीकडे गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले.

२२.
कायद्याने न दिलेली सुटका लोकांनी पायांनी मिळविली. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी, रेल्वे, लष्कर, कारखाने: जेथे महिन्याच्या महिन्याला पगार मिळे आणि बापाचे वतन कोणी विचारीत नसे, तिकडे खेड्यांतील माणसे निघाली.

कारागिरांचा करार वेगळ्या मार्गाने विरला. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासारखी अवजारे रोखीने मिळू लागली, नगदी पिके वाढली, धान्याचा वाटा देण्यापेक्षा मजुरी चुकती करणे दोघांनाही सोयीचे वाटू लागले. सुतार-लोहारांचे बलुते कोणत्याही एका तारखेला संपले नाही. ते खळ्यागणिक कमी होत गेले.

२३.
महार वतनाला मात्र तारीख लागली. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. आंबेडकरांच्या निधनानंतर दोन वर्षांनी झालेला. सेवेचे बंधन संपले. जमिनी भोगवट्याची रक्कम भरून पूर्वीच्या वतनदारांना मिळावयाच्या होत्या, मात्र सरकारी परवानगीवाचून त्या हस्तांतरित करता येणार नव्हत्या. त्या जमिनींचे वाद आजही वर्तमानपत्रांत येतात, ते याच अटीमुळे.

आणि १९७८ मध्ये दया पवार यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले ‘बलुतं’. ज्या शब्दाचा अर्थ एकासाठी हक्काचा वाटा, तोच दुसऱ्यासाठी जन्मभराचे ओझे ठरला.

२४.
बलुतेदारी निव्वळ शोषण होती असे म्हटले, तर खळ्यावर ताठ मानेने आपला वाटा मागणारा आणि वतन विकू शकणारा सुतार त्या चित्रात बसत नाही. ती निव्वळ सहकार्य होती असे म्हटले, तर वेशीवर रात्र काढणारा महार बसत नाही. रूढी एकच, पद्धत एकच; पण ज्याच्या कामाला सीमा होती आणि हाती दुर्मिळ कौशल्य होते, त्याला तिने स्थैर्य दिले. ज्याच्याजवळ ही दोन्ही नव्हती, त्याला त्याच स्थैर्याने जखडून ठेवले.

२५.
घरात जुनी दप्तरे असतील, गावात कोणाकडे महजर, वतनपत्र किंवा बलुत्याची यादी असेल, तर ती जपा आणि वाचा. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. त्या कागदावर तीन गोष्टी शोधा: काम किती, मोबदला कोणी द्यावयाचा, आणि नको असल्यास सोडता येते का. पहिल्या दोन गोष्टी बहुधा सापडतील. तिसरीची जागा बहुतेक कागदांत कोरी असेल, आणि १९२८ चे विधेयक त्याच कोऱ्या जागेसाठी लिहिले गेले होते.

धागा समाप्त. आपल्या गावातील बलुत्याच्या रीती, ओळी आणि शब्द ठाऊक असतील तर खाली अवश्य लिहा.